बहात्तर हात

अमक्या गोष्टीला अंतच नाही, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अंत असतो. कोणी मोजलेला नसतो, एवढंच. तीस वर्षं मी नागपूरला एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढण्यात घालवली, आधी पेनानं आणि मग कॉम्प्युटरवर. या तीस वर्षांत "अंदाजे धरा ना, मॅडम" हे इतक्यांदा ऐकलं की आता कोणी तसं म्हटलं की मी मुद्दाम मिलिमीटरपर्यंत मोजते. घरचे याला हट्टीपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

गुहांचा नाद पन्नाशीला लागला. लोक त्या वयात गुडघ्यांना तेल चोळत बसतात, मी गुडघ्यांना पॅड बांधून बिळांत शिरायला लागले. मोठ्या, नावाजलेल्या लेण्यांशी माझं देणंघेणं नाही, त्यांचे नकाशे काढणारे पुष्कळ आहेत. मला गावाबाहेरची ती लहानशी गुहा हवी असते, जिच्याबद्दल सगळे बोलतात आणि जिच्यात कोणी जात नाही. सामानही फार लागत नाही. सुतारांकडं असतो तसला लेझरचा मीटर, हेल्मेटवरचा दिवा, आणि एक फोन, जो भिंतींवरून फिरवला की भिंतींचा आकार टिपून घेतो. तो फोन घेतला तेव्हा भाऊ म्हणाला होता, एवढ्या पैशांत बायका सोन्याच्या बांगड्या करतात. मी म्हटलं, मग तू बांगड्या घालून गुहेत जा आणि मोजून ये.

माझं माहेर साकोलीचं. दिवाळीला नागपूरहून स्कूटीवर निघते, आणि हायवेनं सरळ लाखनीवरून ट्रकांचा धूर खात जाण्यापेक्षा मनात येईल तिथं वळते. त्या वर्षी भंडाऱ्याहून तुमसरकडं वळले आणि नाकाडोंगरीच्या अलीकडं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात चहाला थांबले. गावाचं नाव सांगत नाही. तिथले काही लोक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, त्यात भर कशाला.

ठेल्यावर चार-पाच पुरुष बसले होते. मी गुहेची चौकशी केली, तर सगळ्यांनी आधी माझ्या हेल्मेटकडं पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडं.

"ते गुहा सात कोस जाते, मॅडम," एक जण म्हणाला. "थेट आंबागडच्या किल्ल्यात निंगते."

"कोणी गेलंय किल्ल्यापर्यंत?"

"दरसाल जाते ना एक जण."

मग त्यांनी रीत सांगितली. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापणीला आला की, नवे तांदूळ शिजवण्याच्या आधी, पहिल्या लोंब्यांची एक पेंडी बांधायची आणि गुहेत जमेल तितक्या खोल नेऊन ठेवायची. दरवर्षी एका घरची पाळी. त्या घरचा कर्ता पुरुष एकटा आत जातो, गाव बाहेर बसून राहतं. तो बाहेर आला की हजर असलेल्यांतला सर्वांत म्हातारा माणूस त्याला विचारतो, "कुठवर?" आणि तो सांगतो. कोणी सांगितलं, किल्ल्यातला नगारा ऐकू आला. कोणी सांगितलं, किल्ल्याच्या विहिरीचं पाणी पायाला लागलं. थोडक्यात, गुहा दरवर्षी वाढतच चालली होती.

"एकच निंगाला भेकड," दुसरा म्हणाला. "गेला आन अर्ध्या घंट्यात वापस. म्हणे बहात्तर हात, पुढं गोटा हाय." सगळे हसले. "तवापासून त्याचं नावच बहात्तर."

चहापत्तीचा पुडा घ्यायला एक बाई तिथं आली होती. पन्नाशीकडं झुकलेली, पदर कमरेला खोचलेला, शेतातून तशीच आलेली. तिनं हसणाऱ्यांकडं एकदा पाहिलं, पुडा उचलला आणि निघून गेली. मी चहा संपवून स्कूटी काढली, तर तलावाच्या बांधावर तीच बाई रस्त्याच्या मधोमध उभी. मला ब्रेक मारावाच लागला.

"तुमी खरंच मोजता काय, ताई?"

"मोजते."

"मंग चला घरी. बहात्तर माझा बाप होय."

घर गावाच्या टोकाला होतं. तिचा नवरा धान कापायच्या मशीनवर बाहेरगावी गेलेला, घरात ती आणि वडील. म्हातारा छपरीत बसून गोट्यावर इळ्यांना धार लावत होता. ऐंशी ओलांडलेला, अंगावर मांस असं नाहीच. त्याच्या बरोबरीचं गावात कोणी उरलं नव्हतं. मी नमस्कार केला, त्यानं मान हलवली आणि इळा पुन्हा गोट्यावर घासायला घेतला.

तिनं चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं. ती लहान होती तेव्हाची गोष्ट, चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील. वडिलांची पाळी आली, ते आत गेले, बाहेर येऊन जे पाहिलं ते सांगितलं. त्या वर्षापासून गावानं या घराची पाळी बंद केली. पाळी गेली म्हणजे काय, ते मला आधी कळलं नाही. तिनं समजावलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन घरांत भांडण लागलं की गाव जुन्या माणसाला विचारतं, धुरा कुठं होता. या म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही. लग्न जुळवताना दोन्हीकडून शब्द द्यायला माणसं बसवतात. याला बसवत नाहीत. पेंडीच्या दिवशी तो जात नाही, कारण गेला की कोणीतरी हसतं.

"शाळेत नवाचा पाढा म्हणताना आठवर आलं का सारा वर्ग माझ्याकडं पाहे," ती म्हणाली. "मी आठवर चूप राहो. गुरुजीले वाटे, हिले पाढा येत नाई."

मी म्हाताऱ्याला विचारलं, "काकाजी, तुम्ही मोजलं कसं?"

"हातानं." त्यानं उजवा हात कोपरापासून उभा केला. "ह्या."

"पण मोजायचं मनात का आलं? बाकी कोणी मोजलं नाही."

"माझा बाप सांगे, सात कोस हाय. मले वाटलं, पाहावं तं खरं, किती पडते." त्यानं हातातला इळा उलटा केला. "शेवटच्या गोट्याच्या फटीत माझा इळा खोचून आलो. मुठीले तांब्याची तार हाय. सांगतलं मी साऱ्याइले, जाऊन पाहा. कोणी नाई गेलं. म्हणे, याचा इळा कुठंतरी हरपला असन, आता गुहेवर घालून राहिला."

मला हे ऐकून असा संताप आला की हातातला चहा खाली ठेवावा लागला. एक माणूस सांगतोय की पुरावा तिथं आहे, जा आणि पाहा, आणि अख्ख्या गावातून एकालाही पोटावर सरपटत जाऊन पाहावंसं वाटत नाही. नाव ठेवायला मात्र सगळे पुढं. ऑफिसात माझ्याही वाट्याला असे लोक पुष्कळ आले. मोजमाप चुकलं म्हणायला टेबलापर्यंत यायचे, टेप घेऊन साइटवर चला म्हटलं की गायब व्हायचे.

"पेंडीचा दिवस आठ रोजावर आला हाय," मुलगी म्हणाली. "मले मानपान काही नोको, ताई. पाळीबी नोको. बाबाच्या जीवात जीव हाय तवर गावानं एक डाव म्हणावं का बुढा खरं बोलला. बाबाच्या कानावर पडावं, इतकंच."

साकोलीला फोन करून सांगितलं, मी उशिरा येते. भाऊ काही बोलायच्या आत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. तिनं स्टीलचं ताट आणि उलथनं घेतलं होतं, कशाला ते गुहेपाशी कळलं. तोंडाशी उभी राहून तिनं पाच मिनिटं ताट बडवलं. आत अस्वल असेल तर त्याला निघायला सवड द्यायची. अस्वल नव्हतं. सायाळाचे काटे पडलेले होते आणि दहा-बारा वाघळं डोक्यावरून गेली.

"बायांनी आत जायचं नाही, असं काही आहे का?" मी विचारलं. नियम मोडायला माझी हरकत नसते, पण मोडतोय हे ठाऊक असलेलं बरं.

"तसं कोणी सांगतलं नाई. कोणी गेली नाई, इतकंच." तिनं चपला काढल्या, दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्या आधी आत शिरली.

माझं काम टप्प्याटप्प्यानं चालतं. एका जागी मी मीटर धरते, पुढच्या जागी दुसऱ्यानं पांढरा पुठ्ठा धरायचा, त्यावर लेझरचा लाल ठिपका पडला की अंतर लिहायचं. पुठ्ठा म्हणून तिनं घरून एक जुनी लग्नपत्रिका आणली होती. पहिले अकरा मीटर वाकून चालता येतं. नंतर एक खोली लागते, सहा माणसं ऐसपैस बसतील एवढी. तिथं मी फोन भिंतींवरून फिरवायला सुरुवात केली. कोपऱ्यात एक मोठा गोटा होता, त्याच्यामागची जागा फोनवर रिकामी दिसत होती, म्हणून वळसा घालून मागं गेले.

मागं ढीग होता. पेंड्यांचा. धानाच्या लोंब्यांच्या, बांधलेल्या. सगळ्यात वरची अजून पिवळी होती, मागच्याच वर्षीची. तिच्याखाली काळवंडलेल्या, त्याखाली उंदरांनी खाल्लेला नुसता कोंडा, आणि कोंड्यात लाल नायलॉनचे दोरे. मी दोरे मोजायला लागले आणि तिसाच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. तळाशी नायलॉन नव्हतं, तिथं अंबाडीच्या सुताच्या गाठी होत्या, हात लावला की भुगा होणाऱ्या.

माझ्या बाजूला ती उभी होती. बराच वेळ तिला काय दिसतंय ते तिच्या लक्षात येत नव्हतं. मग आलं.

"इथंच ठेवत," ती म्हणाली. "सारेच. इथंच बसून राहत आन बाहेर येऊन नगारा सांगत."

तिनं एक शिवी दिली. ती मी इथं लिहीत नाही, पण अगदी योग्य होती.

ते का पुढं गेले नाहीत, हे पुढच्या दोन मिनिटांत समजलं. खोलीच्या पलीकडं वाट आहे, पण छत जमिनीला इतकं टेकत येतं की मधे फक्त चौतीस सेंटिमीटर उरतात. मी मोजले, दोनदा. पोटावर झोपून, मान वळवून, श्वास सोडल्यावरच माणूस त्यातून सरकू शकतो. कंदील पुढं ढकलत तिथून जायचं म्हणजे छाती पाहिजे, आणि तीही जास्त भरलेली नको. ती माझ्याआधी गेली. तिचे पाय दिसेनासे झाले आणि पलीकडून आवाज आला, "या ताई, डोस्कं उजवीकडं ठेवा." मी अडकले. खरं सांगते, पाव मिनिट मला माझ्या भावाची बांगड्यांची कल्पना पटली होती. मग तिनं माझे दोन्ही हात धरून ओढलं.

पलीकडं वाट पुन्हा मोठी होते, रांगण्याइतकी. काळा गोटा, हात लावला की बोटं काळी करणारा. टप्प्यामागून टप्पा घेत आम्ही शेवटाला गेलो. शेवट म्हणजे सरळसोट दगड, कुठं फट नाही, वारा नाही, काही नाही. उजव्या बाजूला एकच चीर होती आणि त्या चिरेत इळा होता. पातं गंजून कागदासारखं झालेलं, मूठ अर्धी कुजलेली. मुठीभोवती तांब्याची तार हिरवी पडली होती. खाली अंबाडीचं थोडं सूत, म्हाताऱ्याच्या पेंडीचं.

तिनं इळ्याला हात लावला नाही. ती गुडघ्यांवर बसून रडली, मोठ्यानं, मनसोक्त. मी दिवा दुसरीकडं वळवला. इळा काढून नेऊ का, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "नोको. नेला तं म्हणतीन, घरूनच आणला. राहू द्या. ज्याले पाहा वाटन त्यानं इथं यावं."

दुपारी लॅपटॉपवर आकडे घातले आणि माझी फजिती झाली. नकाशात गुहा उलटी वळून स्वतःच्याच भिंतीतून आरपार गेलेली. मी आकडे पुन्हा तपासले. मग ध्यानात आलं की अंतरं बरोबर आहेत, दिशा चुकल्यात. हा सगळा पट्टा मॅंगनीजच्या खाणींचा, त्या काळ्या गोट्यानं फोनचं होकायंत्र भलतीकडं फिरवलं होतं. तीस वर्षं नकाशे काढून हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, होकायंत्र बंद ठेवलं, एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणली आणि वळणाचा प्रत्येक कोन शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजला. या वेळी नकाशा सुटसुटीत आला. तोंडापासून शेवटच्या गोट्यापर्यंत तेहतीस मीटर साठ सेंटिमीटर.

त्याच संध्याकाळी ते गृहस्थ आले, ज्यांच्या घरची यंदा पाळी होती. धानाचे व्यापारी, पोट सुटलेले, बोलायला फार गोड. या अंगणात ते किती वर्षांनी आले होते, हे मुलीच्या तोंडावरच दिसत होतं. तरी तिनं खुर्ची दिली. मी लॅपटॉपवर गुहा फिरवून दाखवली, आतून, बाहेरून, वरून. त्यांना मनापासून आवडली. शेवटी त्यांनी लांबी विचारली, मी सांगितली.

"पण मॅडम, काल तुमची मशीन चुकली म्हणते ना? नकाशा वाकडा निंगाला म्हणे. मंग आजचा काय भरवसा?"

गावात बातमी कशी पळते बघा. मी उठले, टेप घेतला आणि म्हाताऱ्यापाशी गेले. "काकाजी, हात द्या." त्यानं कोपर जमिनीला टेकवून हात उभा केला, तसाच, पहिल्या दिवसासारखा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेशेचाळीस सेंटिमीटर. फोनवर गुणाकार व्यापाऱ्यांनाच करायला लावला. बहात्तर गुणिले साडेशेचाळीस. तेहतीस मीटर अठ्ठेचाळीस.

"बारा सेंटिमीटरचा फरक," मी म्हटलं. "अंधारात, कंदील घेऊन, सरपटत मोजलेलं. माझ्या ऑफिसात लेझर घेऊन दिवसाढवळ्या याहून जास्त चुकणारे इंजिनिअर आहेत. माझी मशीन चुकली असेल तर यांचा हातही तेवढाच चुकला, आणि तोही त्याच बाजूला. पटतं का?"

हुशार माणूस, त्यांना पटलं होतं. त्यांचं बोट पडद्यावर फिरता फिरता पहिल्या खोलीतल्या पिवळ्या ठिपक्यावर थांबलं. "हे काय होय?"

"पेंड्या होय," मुलगी म्हणाली. "साऱ्याइच्या."

त्यांनी बोट मागं घेतलं. जरा वेळानं खुर्ची माझ्याकडं सरकवून हळू बोलायला लागले. "मॅडम, नकाशा मस्त काढला. मी पेंडीच्या दिवशी सोता साऱ्या गावासमोर म्हणतो, बुढा खरा होता, आपलं चुकलं. पाळीबी वापस देऊ. फक्त हे पिवळं एवढं मिटवून टाका. गावाचीबी लाज ऱ्हायते, याइचाबी मान ऱ्हायते."

माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "मी जे दिसतं ते काढते. उद्या तुम्ही म्हणाल, तो शेवटचा दगड मिटवा, तिथून पुढं किल्ला काढा. चाळीस वर्षं एका खऱ्या माणसाला खोटं ठरवून तुम्ही सगळे त्या ढिगाशेजारी बसून राहिलात, आणि आता लाज माझ्याकडं सांभाळायला देता? काही मिटवणार नाही." आवाज चढला होता, हे मला कळत होतं, पण मी तो उतरवला नाही.

मुलगी मात्र वडिलांकडं पाहत होती. तिला जे हवं होतं तेच तर तो माणूस देत होता, तेही सगळ्या गावासमोर. मिटवायला मला एक बटण दाबावं लागलं असतं.

म्हाताऱ्यानं इळा बाजूला ठेवला. "तो ढीग मी गेलो तवाबी होता," तो म्हणाला.

आम्ही तिघंही त्याच्याकडं वळलो.

"अंबाडीच्या सुताच्या गाठी होत्या. त्यात दोन फेऱ्याची एक होती. तशी गाठ माझा बाप बांधे, दुसरा कोणी नाई. मंग तो सात कोस काहून सांगे ते समजलं मले." तो व्यापाऱ्यांकडं वळला. "तुह्या बापाचीबी होती बापू. ढिगाचं सांगतलं असतं तं साऱ्याइचे बाप खोटे पडले असते. माझाबी. म्हून मी फक्त गोट्याचं सांगतलं."

मी इतकी वर्षं ज्या गोष्टीवर अडून बसत आले, ती त्या क्षणी माझ्या हातून सुटत होती. हा माणूस स्वतःवर बहात्तर हे नाव घेऊन बसला, ते याच गावाची अब्रू झाकायला, आणि मी ती त्याच्याच अंगणात बसून उघडी करत होते. मी लॅपटॉप जवळ ओढला. खोटं कशाला बोलू, मी तो ठिपका मिटवणार होते.

मुलीनं माझं मनगट धरलं. "राहू द्या, ताई." मग वडिलांना म्हणाली, "बाबा, तुमी त्याइची लाज राखली. त्याइनं तुमची राखली काय? माझी राखली काय? मी नवाचा पाढा अर्धा म्हणत मोठी झाली. तुमचं म्हणणं खरं असन तं आपला आजाबी खोटं बोलला. असन. मिटवून भेटन तो मान मले नोको."

म्हाताऱ्यानं इळा पुन्हा उचलला, बोटांनी धार चाचपली. मग मला म्हणाला, "राहू द्या मंग. पण त्यावर ढीग नोका लिहू, बाई."

"मग काय लिहू?"

"लिहा, इथवर गाव आलं."

मी तसंच लिहिलं. पिवळ्या ठिपक्यापाशी 'इथवर गाव आलं', आणि शेवटच्या दगडापाशी नुसतं 'इळा'. व्यापाऱ्यांनी चपला घातल्या आणि ते गेले. त्यांच्याबरोबर तो मानही गेला, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.

साकोलीला दिवाळी केली, भावाचं ऐकून घेतलं, तुमसरला नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला आणि पेंडीच्या दिवशी परत आले. म्हाताऱ्याला स्कूटीवर मागं बसवून गुहेपर्यंत नेलं. तो येणार नाही म्हणत होता. मी म्हटलं, काकाजी, नाही आलात तर मीही इथंच बसते, मग नकाशा तिकडं कोण नेणार. बसला मुकाट्यानं.

गाव जमलेलं होतं. मुलीनं नकाशा गुहेच्या तोंडाशी एका झाडाला बांधला. लोक एकेक करून आले, वाचलं, आणि बाजूला झाले. भांडायला कोणी आलं नाही, चांगलं म्हणायलाही नाही. व्यापारी पेंडी हातात घेऊन नकाशापुढं उभे राहिले. त्यावर अरुंद जागेपाशी लिहिलेलं होतं, उंची चौतीस सेंटिमीटर. आता जो आत जाणार त्याला तिथून पलीकडं जावंच लागणार होतं, कारण इळा पाहिला का, हा प्रश्न येणार होता. त्यांनी नकाशा पाहिला, स्वतःच्या पोटाकडं पाहिलं.

"माझे टोंगळे दुखून राहिले," ते गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले. "दुसरं कोणी जाते काय?"

कोणी हललं नाही. ठेल्यावर बोललेले ते दोघेही तिथं होते, दोघेही जमिनीकडं पाहत होते. मग मुलगी पुढं गेली आणि व्यापाऱ्यांसमोर हात पसरला. त्यांनी जरासा वेळ घेतला, आणि पेंडी तिच्या हातात दिली. एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

ती गेली. आम्ही बसलो. पाऊण तासानं बाहेर आली, कोपरं सोललेली, केसांत काळा भुगा, हात रिकामे. आता कोणीतरी विचारायचं होतं. गेली काही वर्षं व्यापाऱ्यांचे काका विचारत आले होते, ते उठलेही. तोंड उघडलं, आणि मग त्यांची नजर दगडावर बसलेल्या म्हाताऱ्यावर गेली. वयानं तो त्यांच्याहून मोठा होता. इतक्या वर्षांत तो इथं आलाच नव्हता, म्हणून हे कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"तुमी विचारा," काका म्हणाले, आणि खाली बसले.

म्हातारा काठीवर जोर देऊन उभा राहिला. लेकीकडं पाहिलं.

"कुठवर?"

"बहात्तर हात," ती म्हणाली. "पुढं गोटा हाय."

कोणी हसलं नाही.

"बराबर हाय," म्हातारा म्हणाला.